ओळख बारा अंकांची, कसोटी संसदेची

बिहारमधील मतदारयाद्यांच्या विशेष सखोल फेरतपासणीसाठी निवडणूक आयोगाने २४ जून २०२५ रोजी आदेश काढला, तेव्हा मतदारांनी सादर करावयाच्या कागदपत्रांच्या यादीत अकरा कागदपत्रे होती. देशातील बहुतेक प्रौढांच्या खिशात असलेले 'आधार' मात्र त्या यादीत नव्हते. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ८ सप्टेंबर २०२५ रोजी न्या. सूर्य कांत व न्या. जॉयमाल्य बागची यांच्या पीठाने आधार हे बारावे कागदपत्र म्हणून स्वीकारण्याचा आदेश दिला. त्याचबरोबर, आधार हा ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नव्हे, हेही पीठाने स्पष्ट केले. शिधा, निवृत्तिवेतन, प्राप्तिकर आणि बँक खाते या सर्वांसाठी ज्या क्रमांकावाचून पान हलत नाही, तो क्रमांक मताधिकाराच्या प्रश्नावर मात्र केवळ एक पूरक कागद ठरतो, ही विसंगती या निमित्ताने पुन्हा ठळक झाली.

ही विसंगती अपघाताने निर्माण झालेली नाही. नागरिकाला सुरक्षित, एकमेव आणि देशभर चालणारा ओळख क्रमांक द्यावा, या विचाराचा गेल्या पंचवीस वर्षांतील प्रवास पाहिला तर एक गोष्ट जाणवते. या प्रवासात तंत्रज्ञान पुढे, प्रशासन त्याच्या मागे आणि संसद सर्वांत शेवटी, असाच क्रम राहिला. क्रमांकाच्या सुरक्षेविषयीचे आजचे बहुतेक प्रश्न याच उलट्या क्रमातून उद्भवले आहेत.

सीमेवरून अनुदानाकडे

या कल्पनेचे मूळ कल्याणकारी योजनांत नसून कारगिल युद्धात आहे. के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील कारगिल आढावा समितीचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेत मांडण्यात आला. सीमावर्ती भागातील रहिवाशांना ओळखपत्रे द्यावीत, अशी शिफारस त्यात होती. पुढे लालकृष्ण अडवाणी यांच्या अध्यक्षतेखालील मंत्रिगटाने २००१ मध्ये ती व्यापक करून बहुउद्देशीय राष्ट्रीय ओळखपत्राची कल्पना मांडली. वाजपेयी सरकारने डिसेंबर २००३ मध्ये नागरिकत्व कायद्यात दुरुस्ती करून घेतली. तिच्यातील १४-अ या कलमान्वये प्रत्येक नागरिकाची सक्तीने नोंदणी करण्याचा आणि त्याला राष्ट्रीय ओळखपत्र देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. निवडक जिल्ह्यांत प्रायोगिक प्रकल्पही झाला. परंतु नागरिक कोण आणि परका कोण, हे खेडोपाडी जाऊन ठरवणे किती जिकिरीचे आहे याचा प्रत्यय त्याच प्रयोगात आला, आणि ओळखपत्राची ती योजना देशभर कधीच पोहोचली नाही.

मनमोहनसिंग सरकारने हा गुंता टाळण्यासाठी वेगळी वाट धरली. नागरिकत्वाच्या प्रश्नाला हात न लावता रहिवाशाला क्रमांक द्यायचा, असे ठरले. २८ जानेवारी २००९ रोजी एका अधिसूचनेद्वारे नियोजन आयोगाच्या छत्राखाली भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरण स्थापन झाले आणि त्याच वर्षी नंदन नीलेकणी यांच्याकडे, कॅबिनेट मंत्र्याच्या दर्जासह, त्याची सूत्रे देण्यात आली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी पंतप्रधान मनमोहनसिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत पहिला आधार क्रमांक दिला गेला. स्थळाची निवड सहेतुक होती. ज्याच्याकडे दाखवायला कोणताही कागद नाही, त्याला सरकारदरबारी ओळख मिळवून देणे हे योजनेचे घोषित उद्दिष्ट होते. सीमेच्या सुरक्षेसाठी सुचलेली कल्पना अवघ्या दहा वर्षांत अनुदानाच्या वाटपासाठी राबवली जाऊ लागली.

क्रमांक कशाने सुरक्षित होतो?

निव्वळ रचनेच्या दृष्टीने पाहिले तर आधार क्रमांक विचारपूर्वक बांधलेला आहे, हे मान्य केले पाहिजे. बारापैकी अकरा अंक यादृच्छिक असतात. त्यांत धारकाचे राज्य, जात, धर्म, लिंग वा जन्मवर्ष दडलेले नसते. बारावा अंक पडताळणीसाठी असतो. नेदरलँड्सचे गणिती व्हेरहूफ यांच्या पद्धतीने तो काढला जातो, त्यामुळे एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट पडले तरी चूक तत्काळ उघड होते.

अमेरिकेतील सामाजिक सुरक्षा क्रमांकाचा अनुभव येथे उद्बोधक आहे. १९३६ पासून दिल्या जाणाऱ्या त्या नऊ अंकी क्रमांकातील पहिले तीन अंक भूप्रदेशाशी निगडित असत. जन्मतारीख आणि जन्मस्थळ यांवरून तो क्रमांक बऱ्याच अंशी ताडता येतो, हे २००९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले. २०११ पासून तेथेही यादृच्छिक अंकांचा अवलंब झाला. त्याहून मोठा धडा वापराबाबतचा आहे. हे पत्र ओळखीसाठी नाही, अशा आशयाची सूचना १९४६ पासून त्या पत्रांवर छापली जात होती. १९७२ मध्ये ती काढून टाकावी लागली. दरम्यानच्या काळात बँका, विद्यापीठे आणि शासकीय खाती यांनी तोच क्रमांक ओळखीसाठी रूढ केला होता. कामगाराच्या मिळकतीची नोंद ठेवण्यासाठी जन्मलेला क्रमांक हळूहळू सर्व कुलपांची किल्ली झाला, आणि ती किल्ली असंख्य कचेऱ्यांच्या फडताळांत पडून राहिली.

आधारच्या बाबतीत हा प्रवास अधिक वेगाने घडला. जो क्रमांक सर्वत्र सांगावा लागतो, तो गुप्त राहू शकत नाही. म्हणून त्याची खरी मदार बोटांचे दहा ठसे, दोन्ही बुबुळांच्या प्रतिमा आणि मोबाईलवर येणारा सांकेतिक अंक यांवर आहे. परवलीचा शब्द फुटला तर बदलता येतो. ठसा बदलता येत नाही. त्यामुळे मध्यवर्ती माहितीसाठा अभेद्य आहे, एवढे सांगून प्रश्न मिटत नाही. साठ्याभोवतीच्या तटबंदीबाहेर नोंदणी केंद्रे, दुय्यम यंत्रणा आणि छायाप्रती जमा करणारी असंख्य कार्यालये आहेत. जानेवारी २०१८ मध्ये चंडीगढच्या 'द ट्रिब्यून' या दैनिकाने पाचशे रुपयांत आधारधारकांची माहिती पाहण्याची सोय मिळत असल्याचे वृत्त दिले. जैवमितीय माहिती सुरक्षित असल्याचा निर्वाळा प्राधिकरणाने दिला. पण पोलिसांत दाखल झालेल्या तक्रारीत बातमीदाराचेही नाव आले, त्यावरून प्रचंड टीका झाली. त्याच महिन्यात प्राधिकरणाने सोळा अंकी आभासी क्रमांकाची सोय जाहीर केली, हेही नोंद घेण्याजोगे आहे.

मे २०२२ मधील प्रसंग तर शासनाच्याच मनातील संभ्रम दाखवणारा होता. आधारची छायाप्रत कोणालाही देऊ नका, असा इशारा प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने काढला आणि दोनच दिवसांत केंद्र सरकारने तो मागे घेतला. इशाऱ्याचा गैरअर्थ लावला जाईल, असे कारण देण्यात आले. वास्तविक इशारा योग्य होता. तो पाळायचा तर प्रथम सरकारी खात्यांनीच छायाप्रती मागणे थांबवायला हवे होते.

वास्कोचे प्रकरण

एकदा गोळा केलेली माहिती मूळ हेतूपुरती मर्यादित राहील काय, या प्रश्नाची पहिली कसोटी गोव्यात लागली. २०१३ च्या जानेवारीत वास्को येथील एका शाळेत अल्पवयीन मुलीवर अत्याचार झाला. तपास केंद्रीय गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला. गुन्ह्याच्या जागी मिळालेले ठसे जुळवून पाहण्यासाठी गोव्यातील आधारधारकांची जैवमितीय माहिती तपास यंत्रणेने मागितली आणि स्थानिक न्यायालयाने ती देण्याचा आदेश दिला. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठातही प्राधिकरणाला दिलासा मिळाला नाही. अखेर मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, धारकाच्या लेखी संमतीशिवाय अशी माहिती कोणत्याही यंत्रणेला देऊ नये, असा अंतरिम आदेश दिला.

गुन्हा अत्यंत घृणास्पद होता आणि तपास यंत्रणेची मागणी सहज पटण्यासारखी होती. म्हणूनच हे प्रकरण महत्त्वाचे ठरते. शिध्यासाठी ठसा देणारा संपूर्ण राज्यातील प्रत्येक माणूस एका तपासात संशयितांच्या रांगेत उभा राहणार होता. ते घडले नाही याचे श्रेय प्राधिकरणाने त्या वेळी घेतलेल्या ठाम भूमिकेला आणि न्यायालयाला आहे. कायद्याचे संरक्षण तेव्हा उपलब्धच नव्हते, कारण कायदा झालेला नव्हता.

संसदेला वळसा

तो का झाला नव्हता, हा या विषयाचा राजकीय गाभा आहे. राष्ट्रीय ओळख प्राधिकरण विधेयक ३ डिसेंबर २०१० रोजी राज्यसभेत मांडले गेले, तोवर नोंदणी सुरू झालेली होती. यशवंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालील वित्तविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०११ मध्ये हे विधेयक आहे त्या स्वरूपात अमान्य केले. कायद्याविना नोंदणी, माहिती संरक्षण कायद्याचा अभाव, गृहमंत्रालयाच्या राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीशी होणारी द्विरुक्ती आणि बेकायदा रहिवाशांनाही क्रमांक मिळण्याची शक्यता, हे समितीचे प्रमुख आक्षेप होते. ब्रिटनने २००६ चा ओळखपत्र कायदा २०१० मध्ये रद्द करून टाकल्याचा अनुभवही समितीपुढे होता. आक्षेपांना उत्तर देणारे सुधारित विधेयक मांडण्याऐवजी सरकारने जानेवारी २०१२ मध्ये नीलेकणींचे प्राधिकरण आणि चिदंबरम यांचे गृहमंत्रालय यांच्यात राज्यांची वाटणी करून तंटा मिटवला. विधेयक मात्र तसेच पडून राहिले.

विरोधी बाकांवरून आधारवर तुटून पडणाऱ्या भारतीय जनता पक्षाने २०१४ मध्ये सत्तेवर येताच भूमिका बदलली, आणि ज्या काँग्रेसने ही योजना जन्माला घातली तिला तिच्यातील धोके दिसू लागले. सत्तांतरानंतर बाके बदलतात तशा भूमिकाही बदलतात, हे दिल्लीला नवे नाही. नवे होते ते विधेयकाचे स्वरूप. अर्थमंत्री अरुण जेटली यांनी ३ मार्च २०१६ रोजी लोकसभेत आधार विधेयक धन विधेयक म्हणून मांडले. घटनेच्या ११० व्या अनुच्छेदानुसार एखादे विधेयक धन विधेयक आहे की नाही, याबाबत लोकसभाध्यक्षांचा निर्णय अंतिम असतो. मूळच्या चिपळूणच्या आणि इंदूरमधून सातत्याने निवडून आलेल्या सुमित्रा महाजन तेव्हा अध्यक्षपदी होत्या. त्यांच्या प्रमाणपत्रामुळे, सरकारपक्ष अल्पमतात असलेल्या राज्यसभेची भूमिका केवळ शिफारशींपुरती उरली.

त्या सभागृहाने १६ मार्च २०१६ रोजी जयराम रमेश यांनी मांडलेल्या पाच दुरुस्त्या संमत केल्या. नोंदणीतून बाहेर पडण्याची मुभा असावी. आधार नसलेल्यांना पर्यायी मार्ग मिळावा. खासगी संस्थांना वापराचे दार उघडणारे ५७ वे कलम वगळावे. राष्ट्रीय सुरक्षेच्या सबबीखाली माहिती उघड करण्याची तरतूद आकुंचित करावी. आणि तिच्यावर देखरेख करणाऱ्या समितीत केंद्रीय दक्षता आयुक्त किंवा महालेखापरीक्षक असावेत, असा त्यांचा आशय होता. लोकसभेने त्याच सायंकाळी पाचही दुरुस्त्या फेटाळल्या.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यांच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार कायदा वैध ठरवला. पण खासगी वापराला वाव देणारा ५७ व्या कलमातील भाग रद्द झाला, राष्ट्रीय सुरक्षेविषयीची तरतूद टिकली नाही आणि मुलांना सज्ञान झाल्यावर आधार सोडण्याचा पर्याय मिळाला. बँक खाते व मोबाईल यांची सक्तीची जोडणीही अवैध ठरली. म्हणजे राज्यसभेने ज्या दिशेने बोट दाखवले होते, त्याच दिशेने न्यायालय अडीच वर्षांनी बऱ्याच अंशी गेले. वरिष्ठ सभागृहाचे म्हणणे वेळीच ऐकले असते तर अडतीस दिवसांच्या सुनावणीचा भार काहीसा हलका झाला असता, असे म्हणण्यास जागा आहे.

या खटल्याचा पायाही आधारच्याच वादातून घातला गेला. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये याचिका केली होती. खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही, असा पवित्रा केंद्र सरकारने २०१५ मध्ये घेतला, तेव्हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवणाऱ्या न्यायमूर्तींत नागपूरचे शरद बोबडे होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने तो हक्क मान्य केला. त्या निकालात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीतील जबलपूर खटल्याचा निर्णय चुकीचा ठरवला, ज्यात त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड बहुमतात होते. २०१८ च्या आधार निकालात तेच एकटे विरोधी मताचे होते. धन विधेयकाचा मार्ग पत्करणे ही राज्यघटनेशी केलेली प्रतारणा आहे, असा त्यांच्या मतपत्राचा सूर होता. धन विधेयकाच्या व्याख्येविषयी २०१८ च्या बहुमताने पुरेसा विचार केला नसल्याची शंका न्यायालयानेच नोव्हेंबर २०१९ मध्ये रोजर मॅथ्यू खटल्यात नोंदवली आणि तो प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवण्यास सांगितले.

यंत्र नकार देते तेव्हा

दिल्लीतील घटनात्मक चर्चेत हरवून जाणारा प्रश्न रास्त भाव दुकानाच्या दारात उभा असतो. परमुलखात पोट भरणाऱ्याला या क्रमांकाचा लाभ झाला, हे नाकारता येणार नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगण या राज्यांच्या जोड्यांत एक देश एक शिधापत्रिका योजना सुरू झाली आणि जून २०२२ पर्यंत ती सर्व राज्यांत पोहोचली. खानापूर-आटपाडीकडून देशभरच्या सराफपेठांत गेलेला गलाई कारागीर असो की सुरतेत काम करणारा खानदेशी मजूर, शिधापत्रिका असेल तर परगावी धान्य मिळण्याची सोय आज आहे. हे आधारच्या पडताळणीवाचून शक्य झाले नसते. नोव्हेंबर २०१४ पासून निवृत्तिवेतनधारकांना मिळालेली हयातीच्या डिजिटल दाखल्याची सोयही अनेक वृद्धांचे हेलपाटे वाचवून गेली.

मात्र हीच सोय ठसा जुळला नाही की अडसर होते. घासलेल्या बोटांचा गवंडी, नांगर धरणारा शेतकरी आणि वृद्धा यांचे ठसे यंत्राला हमखास ओळखता येतातच असे नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये झारखंडमधील सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची मुलगी दगावली. आधारशी न जोडल्याने शिधापत्रिका रद्द झाली आणि घरात अन्न नव्हते, असे कुटुंबीयांचे म्हणणे होते. मृत्यू भुकेने झाल्याचे सरकारने नाकारले. मृत्यूच्या कारणाविषयीचा वाद बाजूला ठेवला तरी शिधापत्रिका रद्द करण्यापूर्वी त्या कुटुंबाचे म्हणणे कोणी ऐकले होते काय, हा प्रश्न उरतोच.

येथे कायद्यातील एक बारीक फट मोठी होते. सातव्या कलमाच्या परंतुकानुसार ज्याला आधार क्रमांक मिळालेला नाही, त्याला ओळखीचा पर्यायी मार्ग द्यावा लागतो. ज्याच्याकडे क्रमांक आहे पण ज्याचा ठसा जुळत नाही, त्याचा उल्लेख त्या परंतुकात नाही. त्याच्यासाठी प्राधिकरणाचे ऑक्टोबर २०१७ चे परिपत्रक आहे. कायद्याने दिलेला हक्क आणि परिपत्रकाने दिलेली सवलत यांतील अंतर कोणत्याही अधिकाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. परिपत्रक दुकानदारापर्यंत पोहोचले नाही तर त्याची किंमत धान्याची पिशवी रिकामी घेऊन परतणाऱ्याने मोजायची असते.

महालेखापरीक्षकांचा एप्रिल २०२२ मध्ये संसदेत मांडला गेलेला अहवाल सुरक्षेच्या दाव्यांची दुसरी बाजू दाखवतो. एकाच व्यक्तीला एकापेक्षा अधिक क्रमांक मिळाल्याने नोव्हेंबर २०१९ पर्यंत पावणेपाच लाखांवर क्रमांक रद्द करावे लागले होते. निवासाच्या अटीची पूर्तता धारकाच्या स्वयंघोषणेवरच सोडली होती. पाच वर्षांखालील मुलांना जैवमितीय खात्रीविना क्रमांक देण्यावरही लेखापरीक्षणाने बोट ठेवले. क्रमांक देणे सोपे असते. तो आयुष्यभर खरा ठेवणे कठीण. २०२५ मध्ये मृत व्यक्तींचे दोन कोटींहून अधिक क्रमांक निष्क्रिय करावे लागले, यावरून ते पुरेसे स्पष्ट होते.

उत्तरदायित्वाचा प्रश्न

२०१९ च्या दुरुस्तीने बँका व दूरसंचार कंपन्यांना ऐच्छिक स्वरूपात आधारचा वापर पुन्हा खुला झाला. माहितीच्या गैरवापराबद्दल धारकाला स्वतः न्यायालयात तक्रार करण्याचा हक्कही त्याच दुरुस्तीने मिळाला. मूळ कायद्यात तो केवळ प्राधिकरणालाच होता. जानेवारी २०२५ च्या नियमांनी खासगी संस्थांसाठी दार आणखी उघडले. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, म्हणजे पहिला आधार क्रमांक दिल्यानंतर जवळपास तेरा वर्षांनी. त्यातही सरकारच्या कोणत्याही यंत्रणेला अधिसूचनेद्वारे सूट देण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे ठेवला आणि माहिती संरक्षण मंडळाच्या नेमणुकाही केंद्राच्याच हाती राहिल्या. ज्याच्यावर नजर ठेवायची, त्यानेच राखणदार नेमायचा, असा हा प्रकार आहे.

बिहारच्या निमित्ताने उपस्थित झालेला प्रश्न याच मालिकेतील पुढचा आहे. आधार कायद्याच्या नवव्या कलमाने तो नागरिकत्वाचा पुरावा नाही असे म्हटले आहे, तर नागरिकत्व कायद्यातील १४-अ कलम राष्ट्रीय ओळखपत्राचे आश्वासन देत कायद्याच्या पुस्तकात तसेच आहे. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी आसामच्या नागरिक नोंदवहीतून १९ लाख ६ हजार ६५७ जणांची नावे वगळली गेली, तेव्हा कागदांच्या आधारे नागरिकत्व सिद्ध करणे किती दुष्कर आहे हे देशाने पाहिले. रहिवाशाचा क्रमांक आणि नागरिकाची नोंद या दोन प्रवाहांचा संगम कधी, कोणत्या अटींवर व्हायचा, किंवा होऊच नये, हे ठरवण्याचा अधिकार निवडणूक आयोगाच्या आदेशाला किंवा मंत्रालयाच्या नियमाला नाही. तो संसदेचा आहे, आणि दोन्ही सभागृहांचा आहे.

त्यासाठी नवे तंत्रज्ञान शोधावे लागणार नाही. ठसा न जुळल्यास पर्यायी ओळखीचा हक्क कायद्याच्या सातव्या कलमात स्पष्ट शब्दांत लिहिणे, लाभ तोडण्यापूर्वी सूचना व सुनावणी बंधनकारक करणे, माहिती संरक्षण मंडळाच्या नेमणुकांत विरोधी पक्षनेत्याला व न्यायसंस्थेला स्थान देणे आणि प्राधिकरणाच्या वार्षिक अहवालावर सभागृहात प्रत्यक्ष चर्चा घडवणे, एवढ्याने बरेच साधेल. २०११ मध्ये स्थायी समितीने आणि २०१६ मध्ये राज्यसभेने विचारलेले प्रश्न आजही संसदेच्या दप्तरात आहेत. त्यांना उत्तर देणारे दुरुस्ती विधेयक मांडायचे झाल्यास ते धन विधेयक म्हणून मांडले जाते की सर्वसाधारण विधेयक म्हणून, यावरूनच सरकारचा खरा इरादा कळू शकेल.